बिनशेऱ्याची गाडी

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी अपघात येत नाही, कुंभारीण माशीचं घर येतं. मातीचं, अंगठ्याएवढं, मोटारीच्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला चिकटलेलं. पण ते नंतर. सगळं क्रमानं सांगायची सवय खात्यानं लावली, नाहीतर मी मूळची गोष्ट शेवटापासून सुरू करणारी बाई.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी सोलापुरातल्या एका ठाण्यात जमादार होते. तेव्हा खात्यात बायका बोटांवर मोजण्याएवढ्या. बायकांची झडती घ्यायची, पळून आलेल्या मुलींचे जबाब लिहायचे, एवढ्यासाठीच आमची आठवण व्हायची. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, सातवी घरी बसून दिली. इंग्रजी तर मी दुकानांच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्या वाचून शिकले. अक्षर मात्र वळणदार, त्यामुळं स्टेशन डायरी आणि मुद्देमालाचं रजिस्टर माझ्याकडं आलं. आणि ठाण्यात एवढं इंग्रजी वाचणारी मीच, याचा मला थोडा ताठा होता. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट सांगता येणार नाही. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. त्यातली माणसं गेली असतील, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

अक्कलकोट रोडला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. सकाळच्या पाळीला रस्ताभर सायकली. अशाच एका सकाळी अक्कलकोटकडून चार उतारू घेऊन येणारी एक जुनी टॅक्सी उतारावर आवरली नाही. तिनं एका सायकलवाल्याला उडवलं आणि पुढं लिंबाच्या झाडावर जाऊन थांबली. उतारूंना खरचटलं. सायकलवाला मात्र दवाखान्यात नेईपर्यंत गेला. चादरींच्या कारखान्यात नक्षी काढण्याचं काम करायचा तो. चाळिशीचा, घरी बायको आणि दोन मुली.

ड्रायव्हर पळाला नव्हता. झाडाखाली, त्या सायकलीजवळ बसून होता. ठाण्यात आणला तेव्हा त्याच्या शर्टावर दुसऱ्याचं रक्त होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं. केमकडचा माणूस, वय पस्तिशीच्या आतबाहेर. दहा वर्षं दुसऱ्यांच्या ट्रका चालवून वीस दिवसांपूर्वी त्यानं ही टॅक्सी जुनी विकत घेतली होती.

जबाब मी लिहून घेतला.

"ब्रेक का नाही मारलास?"

"मारला की बाई. पेडल दाबलं, ते खाली गेलं ते वर आलंच न्हाय."

"वेग किती होता?"

"उतार व्हता. पर लई न्हवता. त्याच्या आदी म्हशी आडव्या आल्या व्हत्या, तवा लागला व्हता ब्रेक. जोरात दाबला तवा. गुराखी हसला बी माज्याकडं बघून."

गुराखी हसला, हे त्यानं कशाला सांगितलं, असं मला तेव्हा वाटलं. पुढं तीस वर्षांत कळलं, की खोटं बोलणारा माणूस विचारलं तेवढंच नीट सांगतो. खरं बोलणाऱ्याच्या बोलण्यात असा नको तो गुराखी येतो. पण ते पुढं.

आमच्या फौजदारसाहेबांनी गाडीचे कागद मागवले. भाड्याची गाडी दरवर्षी सरकारी तपासनिसाला दाखवावी लागते. तो ब्रेक, स्टिअरिंग, दिवे बघतो, तपासणीच्या कागदावर शेरा मारतो आणि ठीक असली तर वर्षाचा दाखला देतो. लोक त्याला पासिंग म्हणतात. ही गाडी शेजारच्या जिल्ह्यातली, त्यामुळं तिचं पासिंगही तिकडचं. सहा वर्षांचे कागद एका निळ्या फाइलीत होते. मी ऐटीत वाचून दाखवले. शेवटची तीन वर्षं: ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, सर्व ठीक. शेवटचं पासिंग अवघ्या दोन महिन्यांपूर्वीचं. एकही शेरा नाही.

मी त्या माणसाला म्हणाले, "हे बघ, कागद सांगतोय ब्रेक चांगले होते. कागद खोटं बोलत नाही. तू बोलतोस."

तो म्हणाला, "ते बघूनच तर घेतली बाई गाडी. मला इंग्रजी कुटं येतंय. यापारी म्हणला, तीन वर्सं एक शेरा न्हाय हिच्यावर. आमी बी माणसाचं असंच बघतो की. ज्याच्यावर शेरा न्हाय त्यो चांगला."

मी डायरीत लिहिलं: 'ड्रायव्हर ब्रेकबाबत खोटे सांगत आहे असे दिसते.' खाली सही केली.

गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल आला. ब्रेकची नळी तुटलेली आहे, धडकेने तुटली असावी. म्हणजे प्रकरण सरळ झालं. निष्काळजीपणानं गाडी चालवून मृत्यूस कारण. ड्रायव्हरला जामीन मिळाला, लायसन्स जप्त झालं. आठवड्यातून दोनदा तो हजेरीला यायचा आणि हजेरी झाली तरी बाकावर बसून राहायचा.

एकदा मी विचारलं, "घरी का जात नाहीस?"

"जाऊन काय करू? हितं निदान कुणी सारखं इचारत तर न्हाय."

मग थोड्या वेळानं म्हणाला, "त्या सायकलवाल्याच्या घरी गेलो व्हतो बाई. दार लावून घेतलं."

आरोपपत्र सोमवारी कोर्टात जायचं होतं. त्याच्या मेव्हण्यानं त्याला सांगितलं होतं, की पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल कर, कोर्ट दया करतं. दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकत होती. तो कबूल करायला तयार होता. "मला बी आता वाटाया लागलंय," तो म्हणाला, "की ब्रेक मीच दाबला नसंल."

हे ऐकून डायरीतलं ते वाक्य मी पुन्हा काढून बघितलं. पण कागद होता ना माझ्याकडं.

त्याच आठवड्यात मृताच्या बायकोचा जबाब घ्यायला मी तिच्या घरी गेले. विणकरांची वस्ती, घरात बोली तेलुगू. एकच खोली, पण लख्ख. फळीवर पितळी भांडी, आणि भांड्यांखाली अंथरलेला लाल बारीक चौकड्यांचा कागद. मी बघतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "नक्षीचा कागद आहे अक्का. एक चौकट म्हणजे एक धागा. चादरीवरचा मोर आधी ह्याच्यावर बसतो, मग मागावर. उरलेले तुकडे ते घरी आणायचे. मुली हिशेब शिकल्या ह्याच्यावर."

जबाब झाल्यावर ती मला दारापर्यंत पोचवायला आली. "त्याला शिक्षा झाली की मला सांगायला या," म्हणाली. "दुसरं काय मागू मी?"

मी येईन म्हणाले.

आता मिस्त्री. धडकलेली टॅक्सी ठाण्याच्या आवारात उभी होती. आमच्या जीपचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री होता, दखनी बोलायचा. शुक्रवारी तो जीप दुरुस्त करायला आला आणि काम आटपून, कुणी न सांगता, त्या टॅक्सीखाली शिरला. या लोकांना गाडी दिसली की राहवत नाही. बाहेर आला तो मला हाक मारत.

"बाई, इधर आव. खाली वाका जरा."

मी लुगड्याचा काष्टा सावरून वाकले. त्यानं टॉर्च मारला. मागच्या चाकाच्या आत, ब्रेकच्या नळीवर, ते कुंभारीण माशीचं घर. वाळलेलं, एकावर एक तीन थर. त्याच्या कडेलाच नळी तुटलेली. मिस्त्रीनं बोटानं माती काढली, तर खालची नळी गंजून पापडासारखी झालेली. म्हशींसाठी एकदा जोरात ब्रेक दाबला, तेव्हाच ती फुटली असणार.

"टक्कर आगे हुई, नळी पीछे टूटी. ऐसा कैसा?" तो म्हणाला. "और ये माशी चलती गाडी में घर नै बांधती बाई. गाडी खडी थी. दो-तीन साल."

"मिस्त्री, दरवर्षी पासिंग झालंय तिचं. मी कागद वाचलेत."

"मेरे कू पढना नै आता. तुम पढो, मैं सुनता."

मी फाइल आणली. या वेळी पहिल्या कागदापासून वाचली, कारण तोच म्हणाला, पहले से. सहा वर्षांपूर्वी: ब्रेक डावीकडे ओढतो, दुरुस्त करून पुन्हा आणावी. आठ दिवसांनी पुन्हा आणली, ठीक. त्याच्या पुढच्या वर्षी: मागचा दिवा बंद, हॉर्न बंद, पुन्हा आणावी. त्याच्या पुढं: स्टिअरिंग ढिलं, पुन्हा आणावी. आणि मग शेवटची तीन वर्षं: सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक.

मिस्त्री पाना पुसायचं थांबला. हसलाच.

"जवानी में खाँसी-बुखार, और बुढापे में पैलवान? गाडी है क्या जादू है?" मग गंभीर होऊन म्हणाला, "बाई, पुरानी गाडी लेनेकी तो कागद में बीमारी देखना. हर साल कुछ ना कुछ लिखेला पायजे. लिखेला है तो समजना, किसी ने चाक निकाल के देखा. जिसके कागद में कुछ बी नै, उसकू किसी ने देखाच नै."

जो कागद मी छातीठोकपणे त्या माणसाच्या तोंडावर आपटला होता, तो मी अर्धाच वाचला होता.

फाइल घेऊन खिडकीपाशी गेले. तपासनीस गाडीचा चेसिस नंबर कसा उतरवतो ते सांगते. सांगाड्यावर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासतात, की आकडे उमटतात. तो तुकडा तपासणीच्या कागदाला चिकटवतात. मी एकेक कागद उजेडात धरला. पहिल्या तीन वर्षांचे तुकडे वेगवेगळ्या पातळ पांढऱ्या कागदाचे. शेवटच्या तीन वर्षांचे जरा जाड. आणि पेन्सिलीच्या काळ्यामागून, कडेला, लाल बारीक चौकड्या.

पुढं कळायला मला जरा वेळ लागला. हा कागद मी परवाच बघितला होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कचेरीत चादरीच्या नक्षीचा कागद कशाला येईल? तो सोलापूरच्याच हातचा.

ओल्या फडक्यानं कडा भिजवून तुकडे सोडवले. पंचांसमोर, रीतसर, साहेबांची परवानगी घेऊन. टेबलावर एकाखाली एक ठेवले. पहिल्याची खालची फाटकी कड दुसऱ्याच्या वरच्या कडेत बसली. दुसऱ्याची तिसऱ्यात. लाल रेघासुद्धा जुळल्या. तीन वर्षांच्या तीन तपासण्या, आणि तिन्ही एकाच बैठकीत एकाच कागदावर घासून फाडलेल्या.

साहेबांनी तुकडे एकदा हलवले आणि पुन्हा स्वतः जुळवून बघितले. मग म्हणाले, "हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मयताच्या बायकोनं शिकवलं, साहेब," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्या जिल्ह्याच्या कचेरीला बिनतारी संदेश गेला, आरोपपत्र थांबलं, आणि शनिवारी सकाळी गाड्यांच्या त्या व्यापाऱ्याला बोलावणं गेलं. जुन्या गाड्या विकणारा, जुना जम बसलेला माणूस. इस्त्रीचे कपडे. येतानाच म्हणाला, "साहेब, कोर्टकचेरी आमची रोजची आहे, विचारा काय ते." मी लिहायला बसले होते. साहेबांनी तासभर विचारलं. प्रत्येक उत्तर गुळगुळीत. गाडी कुणाकडून घेतली, कधी घेतली, पासिंग कोणी करून आणलं, सगळं पाठ. एक शब्द जास्त नाही. गुराखी नाही की म्हैस नाही.

मग साहेबांनी ते तीन तुकडे पुढं ठेवले. तो हसला आणि माझ्याकडं वळला.

"जमादारीणबाई, ठाण्यात चादरी विणायला घेतल्या की काय तुम्ही?"

साहेबांनी मला मानेनं खूण केली. खरं सांगते, माझ्याकडं विचारायला एकच गोष्ट होती, आणि तिचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या तुकड्याची खालची कडही फाटकी होती.

"विणायला घेतल्या की," मी म्हणाले. "पण पान पुरं नाही. ह्याच्या खालचा तुकडा कुठं आहे?"

त्यानं तुकड्याकडं बघितलं. पहिल्यांदाच तो उत्तर द्यायच्या आधी थांबला. त्याला वाटलं, खालचाही आमच्या हाती लागलाय.

"ती जीप मी सांगून विकली होती," तो म्हणाला. "त्याला म्हटलं होतं, ब्रेक बघून घे म्हणून."

मग साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "कुठली जीप?"

जीप करमाळ्याला होती. करमाळ्याच्या ठाण्याला फोन लावला. लाइन मिळायला अर्धा तास लागला, आणि तेवढा लांब अर्धा तास मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी करमाळ्याला लग्नाची वऱ्हाडं होती. तिकडचा हवालदार नंबर ऐकून म्हणाला, "ही काय, देवळापाशी हुबी हाय की. माणसं बसायलीत. केमच्या टेसनावर चाललीत."

"उतरवा सगळ्यांना," साहेब म्हणाले.

"वरात हाय साहेब. नवरी बसलीय पुढं."

"नवरीलाही उतरवा. चावी काढून घ्या."

संध्याकाळी हवालदाराचा पुन्हा फोन आला. चाक काढून बघितलं होतं. ब्रेकची नळी एका जागी चिंधीनं बांधून वर लाख लावलेली. "नवरीकडचे मला लई बोलले," तो म्हणाला. "आता नवरीच्या बापानंच नारळ आणून दिलाय. काय करू त्याचं?"

"फोडून खा," साहेब म्हणाले. ठाण्यात आम्ही सगळेच हसलो.

कचेरीचं उत्तर आलं: सदर वाहन मागील तीन वर्षे तपासणीस हजर केलेले नाही. शिक्का, सही, सगळं व्यापाऱ्यानं आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवलेलं. शेडच्या भिंतीपलीकडं चादरींचा कारखाना, नक्षीचे उरलेले कागद तिथल्या कचऱ्यात पडायचे. तिकडच्या कचेरीचे खोटे कागद करताना त्यानं सगळी काळजी घेतली होती. पण कागद त्याच्या हाताखालचा होता, आणि रोजचा कागद माणसाला दिसत नाही. सोलापूरकराला चौकड्यांचा कागद म्हणजे कागदच.

ड्रायव्हर निर्दोष सुटला, शिक्षा व्यापाऱ्याला झाली. पण त्याआधी कोर्टात मला उभं राहावं लागलं. साहेब मला म्हणाले होते, "डायरीतलं ते पान... 'खोटे सांगत आहे' लिहिलंय तुम्ही. बरं दिसणार नाही."

पान बदला असं ते म्हणाले नाहीत, पण मला कळलं. मी म्हणाले, "राहू द्या साहेब. मी त्यावर एक रेघ मारते, खाली कारण लिहिते आणि सही करते. खाली जे आहे ते वाचता येऊ दे."

व्यापाऱ्याच्या वकिलानं नेमकं तेच काढलं. "हे अक्षर तुमचं? तुम्हीच लिहिलंत, ड्रायव्हर खोटं बोलतो?"

"होय," मी म्हणाले. "माझं चुकलं होतं. नंतर मी चाक बघितलं."

वकील खाली बसला.

मृताच्या बायकोला सांगायला मी गेले. शब्द दिला होता. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिचे हात सुपात तसेच राहिले.

"म्हणजे एवढे दिवस मी वेगळ्याच माणसाला शिव्या घातल्या," ती म्हणाली.

मीही घातल्याच होत्या, लेखी.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "तो आला होता तेव्हा दार लावून घेतलं मी. त्याला म्हणावं, आता उघडं आहे."

तो गेला, एवढं मला माहीत आहे. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. त्यानं पुन्हा गाडी चालवली नाही. केमला परत गेला.

या एका प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवीन भरती झालेल्या मुली विचारायच्या. मी त्यांना सांगायचे, डाग नसलेल्या कागदाला भिऊन राहा. ज्या जबाबात एकही अडखळणं नाही, ज्या रजिस्टरात एकही खाडाखोड नाही, तिथं चाक काढून बघा. आणि आपली स्वतःची चूक झाली, तर तिच्यावर एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे.

मागल्या वर्षी माझ्या जावयानं जुनी टॅक्सी बघितली. सगळ्या वर्षांचे कागद माझ्यापुढं टाकले आणि ओशाळून म्हणाला, "आई, गाडी बरी आहे, पण एक अडचण आहे. तपासणीत दोनदा परत पाठवलेली आहे. एकदा ब्रेकसाठी, एकदा दिव्यासाठी. सोडून देऊ का?"

मी चष्मा लावला. ब्रेकचा तो शेरा वाचला. ब्रेक डावीकडे ओढतो. दुरुस्त करून पुन्हा आणावी. खाली आठ दिवसांनंतरची दुसरी सही.

"घे," मी म्हणाले. "हिला कुणीतरी बघितलंय."